आमच्या वावराचे कागद

मा. संचालक साहेब,



याआधीची पत्रं तुमच्या ऑफिसात पोचली. पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचंही आलं नाही, म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. कंपनीचं नाव त्यात घातलेलं नाही. तुमची बदनामीच करायची असती, तर तालुक्याच्या पत्रकाराला एक फोन पुरला असता. मला आमचे कागद हवे आहेत. ते मागता मागता आमच्याशी काय झालं, हे चार माणसांनी वाचलं तर वाचू दे.

मी रिसोड तालुक्यातल्या तुमच्या सेंद्रिय गटाची सचिव. खरं तर 'होते' म्हणायला पाहिजे. पण गट संपला असं आम्हाला आजतागायत कंपनीकडून कोणी कळवलेलं नाही, तेव्हा मी अजून पदावर आहे असंच धरून चालते.

गट संपल्याचं आम्हाला एका तिऱ्हाईत माणसामुळे कळलं. २०२३ च्या फेब्रुवारीत तूर निघाली होती. पुण्याकडचा एक दालमिलवाला नमुना बघून गेला, दाणा त्याच्या मनात भरला, भावही ठरला. जाताना म्हणाला, "टीसी तयार ठेवा, गाडी पाठवतो." टीसी म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. प्रमाणित माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दर खेपेला हा दाखला काढावा लागतो: माल कोणाचा, किती, कोणाला विकला. तो नसला की वावरात तुम्ही काही का केलेलं असेना, बाजारात तूर ती तूरच. मी तुमच्या ऑफिसला फोन लावला. फोनवरच्या मुलीनं कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या ग्रुपचं स्कोप सर्टिफिकेट रिन्यूच झालेलं नाही." म्हणजे गटाचं सेंद्रिय प्रमाणपत्र. कधीपासून, तर गेल्या वर्षापासून.

त्या 'गेल्या वर्षी', म्हणजे २०२२ च्या खरिपात, आम्ही सोयाबीनमध्ये दोनदा निंदण केलं. शेजारचे तणनाशक मारून मोकळे झाले. आमच्याकडे निंदायला बाया मिळेनात, तर रिसोडहून गाडीभाडं भरून आणल्या. त्या सोयाबीनला तुमच्या माणसांनी दिवाळीत बाजारभाव दिला. "यंदा बाहेर उठाव नाही, वरचे पैसे पुढच्या वर्षी बघू," असं म्हणाले. कागदावर तो माल आता सेंद्रिय राहिलेला नाही, हे मात्र कोणी बोललं नाही. एवढं सांगायला काय पडत होतं, साहेब? सांगितलं असतं तर ज्याला तणनाशक मारायचं त्यानं मारलं असतं, ज्याला दुसरा गट धरायचा त्यानं धरला असता. आमच्या बायांनी भर पावसात वाकून उपटलेलं एकेक तण फुकट गेलं, आणि ते फुकट जाणार हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं. मला जे लागलं ते हे. पैसे बुडाले त्याहून हे जास्त लागलं.

तुम्ही आमच्याकडे आलात ते २०१८ च्या उन्हाळ्यात. वेळ बरोबर साधली होती. आदल्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले होते. आमच्याकडेही बायका पाठीवर पंप चढवणाऱ्या नवऱ्याला दारातच हटकायला लागल्या होत्या. सरकारचं डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन त्याच सुमाराला सहा जिल्ह्यांसाठी निघालं, त्यात वाशीम होता. आणि सेंद्रिय म्हणून विकायच्या मालाला प्रमाणपत्र लागेल, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१७ चा नियम १ जुलै २०१८ पासून लागू व्हायचा होता. म्हणजे माल हवा, माल पिकवणारे हवेत आणि पिकवणाऱ्यांचा कागद हवा, हे तिन्ही तुम्हाला एकदमच हवं होतं. मारुतीच्या पारापुढं पडदा लावून तुम्ही स्वतः बोललात. दोन वर्षं रूपांतराची काढा, तिसऱ्या वर्षापासून बाजारभावावर दहा टक्के वर. सर्टिफिकेटचा खर्च कंपनीचा, तुम्हाला एक रुपया नाही.

त्या 'एक रुपया नाही'कडे पुढं येते. आधी आम्ही काय केलं ते ऐका, कारण तुमच्या फायलीत ते नसणार.

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्याला सगळे एनपीओपी म्हणतात, त्याचे नियम कडक आहेत. ते आम्हाला जाचक वाटले नाहीत, उलट पटले. हंगामी पिकाला पेरणीआधी किमान दोन वर्षं रसायनाविना काढायची. तोवर तुमच्या भाषेत आम्ही सी-वन, सी-टू. रसायन लावलेलं बियाणं चालत नाही, म्हणून घरचं सोयाबीन राखायचं, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजायचं आणि मगच पेरायचं. शेजाऱ्याचा फवारा वाऱ्यानं येतो, म्हणून धुऱ्यालगतची तासं वेगळी काढायची आणि तो माल सेंद्रियात मिसळायचा नाही. पाच एकरांच्या वावराला चारी बाजूंनी अशी तासं सोडली की किती जातं, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. फवारणीचा पंप वेगळा. तुरीत सेल्फॉसच्या गोळ्या टाकायच्या नाहीत. कडक उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला घालायचा आणि भुंगा लागलाच तर पुन्हा उन्हात पसरायची. युरियाची रिकामी पोती घरात दिसायला नकोत. आमच्याकडे पाऊस आला की त्याच पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात. आम्ही तीही सोडली.

सगळ्यात मजा मळणीची. हडंबा गावात एकच, आणि तो आमच्याकडे येणार तो दुसऱ्याच्या वावरातून. त्याच्या पोटात आधीच्या वावराचे दाणे असतात. म्हणून आमचं सोयाबीन टाकल्यावर निघालेलं पहिलं अर्धं पोतं बाजूला ठेवायचं, त्यावर खडूनं फुली करायची आणि बाजारात साधं म्हणून विकायचं. हडंबेवाला दर वर्षी हसायचा. म्हणायचा, "वहिनी, दाणे बी बाटतात का?" मी म्हणायची, बाटतात बापा, तू मशीन झाड. आणि तो खरोखर मशीन उघडून झाडायचा. पुढं पुढं मी दिसले नाही तरी झाडायचा.

हे सगळं डायरीत लिहायचं. शेतकऱ्यागणिक एक डायरी: पेरणी कधी, बियाणं कुठलं, जीवामृत कधी सोडलं, निंबोळी अर्क कधी मारला, माल किती झाला, कोणाला किती दिला. आमच्या तीन गावांत निम्म्या घरांत लिहिणारं माणूस नव्हतं, म्हणून मी घरोघर जाऊन लिहायची. कोणाच्या डायरीला हळदीचे डाग, कोणाच्या डायरीचा कोपरा शेळीनं खाल्लेला. एका म्हाताऱ्याला तारीख सांगता यायची नाही, तो म्हणायचा "पोळ्याच्या आदल्या बजारी"; मग मी कालनिर्णय काढून तारीख लावायची. त्या डायऱ्या तुमचा फील्ड ऑफिसर दर हंगामात गोळा करून न्यायचा.

तुमच्या त्या पोरावर माझा राग नाही. बीएस्सी ॲग्री झालेला, भाड्याच्या खोलीत राहणारा, महिन्यातून किती पेट्रोल जळतं याचा हिशेब करणारा मुलगा. त्यानं आम्हाला दशपर्णी करायला शिकवलं. सापळे कुठं लावायचे ते शिकवलं. पण २०२१ मध्ये बाहेरचा निरीक्षक आला त्या दिवशी जे झालं, ते त्याच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं.

वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. तेव्हाच्या गटाच्या प्रमाणपत्रात प्रत्येक वावराची तपासणी कंपनीचेच अंतर्गत निरीक्षक करायचे, वर्षातून दोनदा. प्रमाणन संस्थेचा बाहेरचा निरीक्षक सगळी वावरं बघायचा नाही. शेतकऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबानं, जोखीम धरून, काही निवडायचा. शंभर शेतकरी असतील तर दहा-पंधरा. बाकीच्यांची भिस्त अंतर्गत तपासणीच्या कागदांवर. पद्धत वाईट नव्हती. लहान शेतकऱ्याला एकट्यानं प्रमाणपत्र घेणं परवडत नाही, त्यासाठीच ती निघाली. पण अंतर्गत निरीक्षक ज्याचा पगार खातो तोच मालाचा खरेदीदार असला, तर तपासणार कोण आणि कोणाचं?

त्या दिवशी निवडलेल्या वावरांत आमचं होतं. निरीक्षक भला माणूस. धुऱ्यावरून फिरला, माती चोळून पाहिली, ड्रममधल्या जीवामृताचा वास घेतला. मग ओट्यावर बसून त्यानं फाईल उघडली आणि वाचलं: सोयाबीन, गेल्या हंगामाचं उत्पादन एकरी नऊ क्विंटल. मी म्हटलं, साहेब, साडेचार. तो म्हणाला, इथं नऊ लिहिलंय. मी म्हटलं, डायरी मी लिहिली आहे, मला ठाऊक आहे. त्यानं फाईल माझ्याकडे वळवली. ती डायरी माझी नव्हती. आमच्या घराचं नाव, आमच्या जमिनीचा गट नंबर, पण अक्षर भलत्याचंच. निळ्या पेनानं एका बैठकीत लिहिल्यासारखी, एकही खाडाखोड नाही, डाग नाही. जीवामृत दर पंधरा दिवसांनी, सोमवारी. मागच्या पानावर आमच्या ह्यांची सही, जी त्यांनी कधी केलीच नव्हती. ते अंगठ्याजवळ बोट दाबून धरून सही करतात, म्हणून त्यांचा शेवटचा 'ळ' कायम अर्धा राहतो. त्या कागदावर 'ळ' चांगला गोल होता.

तुमचा मुलगा मागं उभा राहून मला मान हलवून गप्प बसायला सांगत होता. मी गप्प बसले नाही. निरीक्षकानं काहीतरी टिपून घेतलं, पान उलटलं आणि पुढच्या वावराला निघाला. त्याचं पुढं काय झालं, कोणी विचारलं का, आम्हाला कळलं नाही. आमच्या दारात बसून हे ऐकणारे आमचे चुलत सासरे तेवढं म्हणाले, "वावरात एकरी नऊ पिकलं असतं, तं आपण कर्जात कायले असतो?"

आता हिशेब तुम्हीच करा. आमच्या गटाचं सोयाबीन तीनशे एकरांच्या आसपास. एकरी साडेचारचा फरक म्हणजे साडेतेराशे क्विंटल. हे साडेतेराशे क्विंटल आमच्या वावरात पिकलं नाही. कागदावर मात्र ते पिकलं, आमच्या नावानं, सेंद्रिय म्हणून. त्याच्या टीसी निघाल्या का? निघाल्या असतील तर त्या पोत्यांत कोणाचं सोयाबीन होतं? मी आरोप करत नाही, विचारते आहे. आमच्या नावावर किती माल गेला, हे विचारायचा हक्क आम्हाला नसेल, तर मग कोणाला आहे?

तुमच्या बाजूनंही चार गोष्टी घडल्या, हे मला ठाऊक आहे. मोबाईल आमच्याकडेही आहे. आमच्या सोयाबीनची पेंड अमेरिकेत जायची, तिकडच्या सेंद्रिय कोंबड्यांच्या खाद्यात. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २००६ मध्ये भारताच्या प्रमाणन व्यवस्थेला दिलेली मान्यता जानेवारी २०२१ मध्ये काढून घेतली. इथली देखरेख त्यांना पुरेशी वाटत नव्हती. जुन्या प्रमाणपत्रांना जुलै २०२२ पर्यंत मुदत मिळाली. त्यातच मे २०२२ मध्ये त्यांनी भारतातून जाणाऱ्या सेंद्रिय सोयापेंडीवर जबर आयातशुल्क बसवलं. युरोपात भारतीय तिळात इथिलिन ऑक्साइड सापडलं आणि २०२२ च्या सुरुवातीला तिथं इथल्या काही प्रमाणन संस्थांची मान्यता गेली. सेंद्रिय कापसाच्या व्यवहारातल्या खोट्यावर त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सनं लिहिलं. एवढं सगळं एका वेळी अंगावर आल्यावर तुम्ही वाशीमचा गट सोडलात. व्यापारी माणूस सोडणारच.

पण एक सांगा. इथिलिन ऑक्साइड हा वायू आहे, कोठारातला माल निर्जंतुक करायला वापरतात. आमच्यातल्या कोणत्या शेतकऱ्याच्या घरात तो सापडेल? अमेरिकेला संशय आला तो कागदांचा, वावरांचा नव्हे. एकरी नऊ क्विंटल कोणी लिहिलं होतं? बाटवणारे वर बसले होते आणि बाटल्याचा शिक्का बसला तो मळणीआधी हडंबा झाडणाऱ्यांवर.

आणि आता तो 'एक रुपया नाही'. प्रमाणपत्राचे पैसे तुम्ही भरलेत, म्हणून प्रमाणपत्र तुमच्या हातात. नावं आमची, गट नंबर आमचे, आधार आमचे; पण कागद तुमच्या कपाटात आणि ऑनलाइन नोंदीचा पासवर्ड तुमच्या माणसाकडे. तुम्ही नूतनीकरण केलंत तर आम्ही सेंद्रिय, नाही केलंत तर नाही. आमच्या मातीनं त्या दिवशी काही केलेलं नव्हतं. गांडुळं होती तिथंच होती. दुसऱ्या कोणाला माल द्यायचा म्हटलं तर टीसी तुमच्याकडूनच. दुसऱ्या गटात जायचं म्हटलं तर तुम्ही नावं मोकळी केल्याशिवाय नाही. दोन वर्षं रूपांतराची काढली, पुढची दोन वर्षं सेंद्रिय म्हणून माल दिला, आणि चार वर्षांनी दाखवायला हातात काय? पारापुढच्या सभेत मिळालेली टोपी. ती उन्हात बरी पडते.

मग माझ्या भाच्यानं पुण्याहून एक फोटो पाठवला. तुमचं तूरडाळीचं पाकीट. आधीच्या पाकिटावर जैविक भारतचं चिन्ह होतं, इंडिया ऑरगॅनिकचं होतं, खाली प्रमाणन संस्थेचा क्रमांक होता. नव्या पाकिटावर हिरवा रंग तोच, डोक्यावर टोपली घेतलेली नऊवारीतली बाई तीच, किंमतही जवळजवळ तीच. चिन्हं मात्र गेलेली, आणि त्यांच्या जागी लिहिलं होतं: 'नैसर्गिक. थेट आमच्या शेतकऱ्यांकडून.'

साहेब, तुमचा वकील हुशार आहे. 'सेंद्रिय' लिहिलं तर २०१७ च्या नियमाखाली प्रमाणपत्र दाखवावं लागतं. 'नैसर्गिक'ला जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे नियम आहेत, पण ते विचारतात की पदार्थात काही मिसळलंय का, प्रक्रिया किती केली. पेरणीपासून मळणीपर्यंत वावरात काय मारलं, हे ते विचारत नाहीत. दुकानातली बाई पाकीट हातात घेते तेव्हा तिला हा फरक कुठून कळणार? हिरवा रंग, टोपली, 'शेतकऱ्यांकडून'. ती समजायचं ते समजते आणि जास्तीचे पैसे मोजते. ते जास्तीचे पैसे आता ना प्रमाणन संस्थेला जातात, ना शेतकऱ्याला. वाचणाऱ्या ताईंना एवढंच सांगते: पाकिटाची पुढची बाजू वाचू नका, मागं चिन्ह आणि क्रमांक आहे का ते बघा. 'केमिकल-फ्री', 'गावरान', 'फार्म फ्रेश' असं काही लिहिलं असेल आणि क्रमांक नसेल, तर ती नुसती छपाई आहे.

आणि 'आमच्या शेतकऱ्यांकडून' हे खोडा. आम्ही तुमचे राहिलो नाही, हे तुम्हीच ठरवलंत.

आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. आमच्यातल्या सात घरांनी पीजीएस-इंडियाचा गट केला. केंद्रीय कृषी खात्याची ही पद्धत. किमान पाच शेतकरी लागतात, आम्हीच एकमेकांची वावरं तपासतो आणि खर्च जवळजवळ नाही. तपासणी कशी होते ते बघायला एकदा या. शेजारच्या धुऱ्यावर गवत पिवळं पडलेलं दिसलं की तिथंच दहा जणांत विचारणा होते, आणि गावात कोणी कधी काय मारलं हे लपत नाही. बाहेरच्या निरीक्षकाला न कळणाऱ्या गोष्टी आमच्या चुलत सासऱ्यांना धुऱ्यावर उभं राहून कळतात. पण पहिल्यापासून सुरुवात केल्यामुळे आम्ही पुन्हा 'पीजीएस-ग्रीन', म्हणजे रूपांतरातले. मोठ्या खरेदीदाराला हा कागद चालत नाही, त्याला एनपीओपी लागतं. म्हणून थोडी डाळ पुण्यातल्या ओळखीच्या घरांना थेट पाठवतो. वर्षाला बारा लाखांच्या आत थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, फक्त चिन्ह लावता येत नाही. बारा लाख आम्ही स्वप्नातही पाहिले नाहीत, तेव्हा ती काळजी नाही. पाकिटावर मी हातानं शेतकऱ्याचं आणि गावाचं नाव लिहिते. भाच्याची बायको म्हणते, अक्षर फार वळणदार आहे, लोकांना छापील वाटतं.

मग आता जुन्या कागदांचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. काम आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनपीओपीची नवी आवृत्ती आली. तिच्यात शेतकऱ्यांच्या गटालाच कायदेशीर दर्जा आहे. गटाचा सगळा माल घेणं किंवा त्याला बाजार मिळवून देणं ही जबाबदारी घातली आहे, आणि योग्य पुरावा असेल तर अटींवर रूपांतराचा काळ कमी करायची सोयही आहे. आमच्याकडे माती आहे, पुरावा तुमच्याकडे आहे. त्याच्याशिवाय २०१८ पासून आम्ही काही केलंच नाही असं होतं.

तेव्हा आम्हाला हे पाठवा. आमच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या डायऱ्या. अंतर्गत आणि बाहेरच्या तपासणीचे अहवाल. माती आणि मालाचे जे नमुने तुम्ही प्रयोगशाळेत पाठवलेत आणि ज्यांचे निकाल आम्हाला कधी दाखवले नाहीत, त्यांचे निकाल. सी-वनपासून शेवटपर्यंतची स्कोप सर्टिफिकेटं. आमची नावं तुमच्या गटातून मोकळी केल्याचं पत्र. आणि २०२० व २०२१ च्या हंगामात आमच्या गटाच्या नावावर जेवढ्या टीसी निघाल्या त्यांची यादी, क्विंटलसकट. पैसे मागत नाही. २०२२ च्या सोयाबीनवरचे दहा टक्के गेले असं आम्ही धरून चाललो आहोत, त्यासाठी कोर्टात जाण्याएवढी आमची ऐपत नाही आणि वेळही नाही, येत्या मृगाच्या आत बियाण्याची उगवण तपासायची आहे.

कागदांसाठी मात्र आम्ही जाऊ. प्रमाणन संस्थेकडे तक्रार करण्याची मुभा नियमात आहे. अर्ज मी लिहून ठेवला आहे, त्याला त्या निळ्या पेनाच्या डायरीचा फोटो जोडला आहे. निरीक्षक पान उलटायच्या आत माझ्या पोरीनं तो मोबाईलवर काढला होता. महिनाभर वाट बघते.

कळावे.

आपली,
गटाची सचिव,
ता. रिसोड, जि. वाशीम

ता. क. डायऱ्या पाठवताना दोन्ही संच पाठवा. आमचा कुठला ते आम्ही डागांवरून ओळखू. पार्सल एसटीनं रिसोड डेपोला टाकलं तरी चालेल, भाडं आम्ही भरू.